डाव्या खिशातले फुटाणे

गाडीच्या शोरूममध्ये जाताना लोक बायकोला नेतात, मुलांना नेतात, गाड्यांतलं कळणारा एखादा साळा नेतात. निमजेभाऊ गंज नेतात.

गंज म्हणजे आमच्या विदर्भातलं उभट, रुंद तोंडाचं मोठं पातेलं. निमजेभाऊंचा गंज पितळेचा आहे, आतून कलई केलेला, आणि एवढा मोठा की लहान मूल आत उभं करून आंघोळ घालता यावी. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत तो उभा करायचा, दोन्ही गुडघ्यांनी आवळायचा, नागपूरच्या वर्धा रोडपर्यंत जायचं आणि शोरूमसमोर उतरल्यावर कडेवर घेऊन काचेच्या दारातून आत शिरायचं, ही त्यांची पद्धत. दारावरचा पहारेकरी पहिल्या खेपेला अडवतो. पुढच्या खेपेला तोच गंजाचा दुसरा कान धरून आत आणून देतो.

आत गेल्यावर किंमत विचारायची नाही, मायलेज विचारायचं नाही. "नमस्कार जी. डिक्की उघडा."

डिक्की उघडली की गंज आत ठेवायचा आणि दार हळूहळू खाली आणायचं. या छोट्या एसयूव्हींची मागची काच तिरपी असते. ती येऊन गंजाच्या काठाला टेकते आणि टण्ण असा आवाज होतो. शोरूममधले सगळे माना वळवून बघतात. निमजेभाऊ मान हलवतात आणि डाव्या खिशात एक फुटाणा टाकतात.

फुटाण्यांचं आधी सांगायला हवं. शर्टाच्या खिशात त्यांच्या फुटाण्यांची पुडी असते. गाडीचा एखादा गुण दिसला की पुडीतला एक फुटाणा पँटच्या उजव्या खिशात जातो, दोष दिसला की डाव्या. "लिहून ठेवलं की माणूस विसरते," असं ते म्हणतात. "खिशात वजन लागलं पाह्यजे." घरी आल्यावर दोन्ही खिसे ताटलीत उलटे करायचे आणि कोणती रास मोठी ते बघायचं. पद्धतीत खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की भाऊ उजव्या हाताचे आहेत आणि विचार करताना त्यांना तोंडात काहीतरी लागतं. परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला त्यांचा हात आपसूक उजव्या खिशात जायचा. गाडीचे गुण चघळत चघळत आम्ही घरी यायचो आणि ताटलीत फक्त दोष पडायचे.

"पाहा सर. मले वाटलंच होतं."

मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. "भाऊ, तुम्ही वाटेत फुटाणे खाता."

"मी? मी काहून खाईन?" ते म्हणाले. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

शंकरराव निमजे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. वय सत्तरीला आलेलं, अंगाने सडपातळ, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांचं सगळं आयुष्य गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांसमोर थान उलगडण्यात गेलं. बायकोला जाऊन खूप वर्षं झाली. मुलगी ज्योती पुण्याला असते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. "जिंदगीभर लोकायनं मले सगळे थान उघडायले लावले आन् म्हणे, उद्या येतो. आता मी गिऱ्हाईक हाये." तरी त्यांच्यातला विक्रेता गेलेला नाही. शोरूममधल्या माणसाने घाईघाईने बोलायला सुरुवात केली की ते त्याला थांबवतात आणि समजावतात, "बाबू, आधी पाणी पाज. गिऱ्हाईक बसलं पाह्यजे. बसलेला माणूस लवकर उठत नाही."

गाड्यांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. त्यांच्या लेखी गाड्या म्हणजे कापडं. सीटचं कव्हर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ते चोळतात, कानाजवळ नेता येत नाही म्हणून कान सीटजवळ नेतात, आणि निकाल देतात. "हे पॉपलीन हाये." "हे टेरीकॉट, उन्हाळ्यात चिकटन." एका फार जाहिरात झालेल्या गाडीला त्यांनी "बाहेरून जरी, अंदरून मांजरपाट" म्हटलं आणि तिथला मॅनेजर आमच्याशी बोलेनासा झाला.

छतातली सरकणारी काच दाखवली तेव्हा ते बराच वेळ वर बघत राहिले.

"हे कायले?"

"सनरूफ आहे काका. ऊन, हवा आत येते."

"नागपुरात?" ते म्हणाले. "बाई, इथं लोक ऊन बाहेर ठेवाले पैसे देतात. तुमी त्याच्यासाठी भोक पाडून देता?" डावा खिसा.

सीएनजीची गाडी पाहिली. तिच्या डिक्कीत गॅसची टाकी होती. "याच्यात त आधीच कोणाचा तरी गंज ठेवला हाये." डावा खिसा. जमिनीपासूनची उंची मोजायला ते उकिडवे बसून गाडीखाली वीत लावतात. ती वीत भरली तेव्हा उजवा खिसा. एसी बघायचा तर मे महिन्यात, दुपारी, सगळं शहर दारं लावून कूलरसमोर पडलेलं असताना. एका गाडीला बोलून हुकूम देता येतो असं कळल्यावर त्यांनी फार सौजन्याने सांगितलं, "एसी जराक कमी कर वं बाई, सरायले खोकला हाये." गाडीने इंग्रजीत क्षमा मागितली. भाऊ तिच्यावर रागावले नाहीत. "नवीन हाये," म्हणाले. "शिकन."

या सगळ्यात मी कसा आलो, तेही सांगतो. गेल्या चैत्रात माझी बायको सुमन गेली. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, पुस्तकांत वेळ जाईल असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण पुस्तक उघडून बसलो की त्याच पानावर संध्याकाळ व्हायची. आमची जुनी लाल गाडी मी विकून टाकली, कारण पुढची डावी सीट रिकामी बघून ती चालवता येत नव्हती. त्यानंतर काही दिवसांनी दारावर निमजेभाऊ उभे. तोवर चेहऱ्यापुरती ओळख होती.

"सर, तुमच्यापाशी कारचं लायसन हाये ना?"

"आहे. पण गाडी नाही."

"गाडी मी पाहून राहिलो. मले चालवता येत नाही. तुमी चालवून पाहा, मी मागं बसून पाहतो. पायात चप्पल घाला."

शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की मी चप्पल घातली. तेव्हापासून बहुतेक शनिवारी त्यांच्या स्कूटरवर पुढे गंज, मध्ये भाऊ आणि मागे गंजाचं झाकण छातीशी धरून मी, अशी आमची स्वारी निघायची. माझे विद्यार्थी आता बँकांत आणि कचेऱ्यांत मोठ्या जागांवर आहेत. त्यांतल्या काहींनी मला या अवस्थेत पाहिलं आहे. कोणी विषय काढत नाही.

गंजाबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "रोडग्याच्या पार्टीले लागते." शेतावर किंवा देवळाजवळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि गंजभर वरण, ही आमच्याकडची हौस. भाऊंचा गंज महिन्यातून एकदा-दोनदा तरी गल्लीतून जाताना दिसायचा. मला फक्त एक कोडं होतं. इतक्या पार्ट्या, आणि मला एकदाही बोलावणं नाही. पण दुःखातल्या माणसाला लोक टाळतात, तसंच असेल, असं मी धरून चाललो.

पावसाळा संपता संपता ते स्कूटरवरून पडले. गुडघा सोलवटला, मनगट सुजलं, गंजाला एक पोचा आला. ते गंजाच्या पोच्याबद्दलच बोलत होते. ज्योतीचा पुण्याहून व्हिडिओवर फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"बाबा, स्कूटर आजपासून बंद. एक तर धड गाडी घ्या आणि चालवणारं कोणीतरी बघा. नाहीतर दिवाळीला मी येते आणि तुम्हाला इकडे घेऊन येते. कायमचं. काका, तुम्ही साक्षीदार."

मी साक्षीदार म्हणून मान हलवली.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पुण्यात मी काय करू, सर? तिच्या बाल्कनीतून दुसऱ्याची बाल्कनी दिसते. आन् स्वयंपाकघर एवढुसं. गंज कुठं ठेवू?"

"गंज इथे ठेवा."

"गंज इथं आन् मी तिथं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना स्वतःचे पाय नागपुरात ठेवून जायला सांगितलं होतं.

दिवाळी जवळ येत गेली. आम्ही आता रिक्षाने शोरूमला जायचो, आणि घरी येऊन ताटलीत दोष ओतायचो. मला काळजी वाटू लागली होती. भाऊ गेले तर शनिवारी मी चप्पल कशासाठी घालणार, हा प्रश्न मी मनातसुद्धा नीट मांडला नव्हता, पण तो होता.

शेवटी उरली एक मातकट रंगाची गाडी. खिशाला झेपणारी, आमच्या गल्लीत वळणारी. ती विकणाऱ्या वैरागडे मॅडम चाळिशीच्या, शांत, आणि भाऊंना पुरून उरणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खुर्ची सरकवली. भाऊ मला हळूच म्हणाले, "ही गांधीबागेत चालली असती."

गंज त्या डिक्कीतही मावला नाही. टण्ण झालंच. पण मॅडम म्हणाल्या, "काका, मागच्या सीटवर ठेवून बघा ना. पट्टा लावू."

भाऊ विचारात पडले. "उद्या भरून आणतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरलेला गंज अर्ध्याहून जास्त भरलेला होता. झाकण बांधलेलं नव्हतं.

"काका, हे पातळ आहे?" मॅडमनी विचारलं.

"वरण हाये."

"गाडीत सांडलं तर?"

"सांडलं त गाडी नाही घेत."

"आणि माझी नोकरी?"

"सांडलं नाही त नोकरीले काय होते?"

मॅडमनी सीटवर जुन्या प्लास्टिकचे दोन थर अंथरले, पहारेकऱ्याच्या मदतीने गंज ठेवला, त्याला पट्टा लावला. भाऊ त्याच्या शेजारी बसले, उजवा हात त्याच्याभोवती टाकून. मॅडम पुढे माझ्या डावीकडे बसल्या. मी गाडी सुरू केली. शोरूमच्या मागच्या वस्तीत लोकांनी आपापल्या घरासमोर हौसेने घातलेले गतिरोधक आहेत, एकाहून एक उंच. भाऊंनी तोच रस्ता सांगितला होता.

पहिला उंचवटा आला, गाडी वर गेली, खाली आली. मागून वरण डुचमळल्याचा आवाज आला. दुसरा. तिसऱ्याला मी पहिल्या गिअरवर आलो. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत बाजूने गेला आणि आत डोकावून बघताना थोडक्यात पडता पडता वाचला.

"थांबा," भाऊ म्हणाले.

मी कडेला घेतली. त्यांनी गंजाच्या बाहेरून, काठाखालून, सगळीकडून रुमाल फिरवला. रुमाल उजेडात धरला. तो कोरडा होता. मला वाटलं ते हसतील. ते रुमालाची घडी घालत राहिले.

शोरूमच्या मागे कडुनिंबाखाली आम्ही ते वरण वाटून घेतलं, कारण भाऊंच्या घरात अन्न टाकत नाहीत. त्यांनी पिशवीतून स्टीलच्या वाट्या काढल्या. मॅडम, पहारेकरी, मी. मी एक घोट घेतला. त्याला फोडणी नव्हती. हळद, मीठ आणि ओवा, बस. नुसता ओव्याचा वास.

मॅडमनी वाटी खाली घेतली. "काका, हे रोडग्याचं वरण नाही. असं वरण आमच्याकडे मयतीच्या घरी नेतात."

ज्या घरी कोणी गेलं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. माणसं माती देऊन परत येतात तेव्हा शेजारच्या घरून वरण-भात आलेला असतो. फोडणीचा आवाजही त्या दिवशी नको, म्हणून ती नसते. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ओवा कुठे खाल्ला होता ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. सुमन गेली त्या संध्याकाळी कोण आलं, कोण काय बोललं, यातलं माझ्यापाशी काही नाही. कोणीतरी हातात वाटी दिली होती. तिला ओव्याचा वास होता.

"ओवा कशाला घालता?" मी विचारलं.

"रडलेल्या माणसाच्या पोटात वारा धरते," भाऊ वाटीत बघत म्हणाले. मग वाटी खाली ठेवून, "जिथं कोणी गेलं तिथं मी नेतो. सर, तुमच्या घरी अर्धंच पोचलं होतं. तुमच्या वळणावर नवीन ब्रेकर टाकला होता, मले दिसला नाही. रस्त्यावर सांडलं, पायावर सांडलं. माणसं बसली होती, त्यायले पुरलं नाही. तुमची ती भाची रिकामी वाटी घेऊन उभी होती, मंग आत गेली. मी पाह्यलं."

त्यानंतर महिनाभरातच ते माझ्या दारावर आले होते, लायसन आहे का विचारत.

"पण गावभर तुम्हीच कशाला न्यायला हवं?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"माझी शोभा गेली तवा नेणारे लय होते. मोठी गल्ली, सगळे आपले. प्रत्येकाले वाटलं, दुसऱ्यानं नेलं असन." ते थोडं हसले. "कोणाची चूक नाही जी. पण कोणाचंच आलं नाही. ज्योती लहान होती, भूक लागली म्हणे. मंग घाटावरून आलो, तसाच ओल्या कपड्यानं मी स्टोव्ह पेटवला. तवापासून मी विचारत नाही, कोणी नेलं का. नेतो. जास्त झालं त झालं."

कडुनिंबाची पानं गंजात पडत होती. पहारेकऱ्याने उठून त्यावर झाकण ठेवलं.

भाऊंनी वाट्या गोळा केल्या, हात पुसले आणि गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून दोन्ही खिसे उलटे केले. गंज धरून बसल्यामुळे त्यांचा उजवा हात आज मोकळा नव्हता. गुणांची रास प्रथमच शाबूत होती. तरी डावीकडची मोठी दिसत होती. डिक्की लागत नाही. मागचा आरसा बारीक. सीटचं कापड पॉपलीन. प्लास्टिक वाजते. हॉर्न लहान मुलासारखा. असं बरंच काही. भाऊ प्रामाणिक माणूस. त्यांनी दोन्ही राशींकडे पाहिलं आणि मान हलवली.

"अजूनही डावीच जास्त भरून राहिली, सर."

दिवाळी पुढच्या आठवड्यात होती.

"भाऊ," मी म्हणालो, "मला थोडे फुटाणे द्या."

त्यांनी सवयीने उजवीकडचे उचलले.

"ते नको. डावीकडचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे धरून ठेवला. मग त्यांनी चिमूटभर फुटाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि मी ते तोंडात टाकले. डिक्कीचा बहुधा जरा खवट होता.

"मलाही द्या काका," वैरागडे मॅडम म्हणाल्या. "आरशाचा मी खाते. तो आमच्याच कंपनीचा आहे."

पहारेकऱ्यानेही ओंजळ केली. भाऊ वाटत गेले, अगदी दुकानात दिवाळीचा फराळ वाटावा तसे, आणि आम्ही तिघे कडुनिंबाखाली उभे राहून त्या मातकट गाडीचे दोष चावत राहिलो. शेवटी रुमालावर डावीकडे दोन-चार साली उरल्या. भाऊंनी त्या फुंकून टाकल्या.

दिवाळीला ज्योती आली, गाडीतून तेलंगखेडीच्या तलावावर फिरून आली, सीटच्या रंगावरून वडिलांशी भांडली आणि एकटीच परत गेली.

आता निरोप आला की भाऊ वरण करतात आणि मी भात. माझा भात आधी गिचका व्हायचा, त्यांनी शिकवला. गंज मागच्या सीटवर पट्ट्यात, त्याच्याभोवती हात टाकून भाऊ. भाताचं पातेलं पुढे माझ्या डावीकडच्या सीटवर. तिथे वजन ठेवून पट्टा लावला नाही तर गाडी सारखी टिंग टिंग करते, म्हणून मी त्या पातेल्यालाही पट्टा लावतो. गतिरोधक आला की मी इतका हळू होतो की मागची वाहनं हॉर्न वाजवतात, कोणी खिडकीतून डोकं काढून, काका झोपले काय, असंही विचारतो. माझा डावा हात मात्र पातेल्यावर असतो. ते गरम असतं.

मागून आवाज येतो, "हळू जी सर. भरलेलं हाये."